निजामाचे राज्य गेले, ‘निजाम सर्किट’ राहिले : नांदेड-लातूरच्या पडद्याचा इतिहास

मराठी माणसाच्या बालपणीच्या दूरदर्शनचा विषय निघाला की ठरावीक नावे पुढे येतात. ‘चिमणराव’, ‘गजरा’, ‘छायागीत’, ‘साप्ताहिकी’, ‘आमची माती आमची माणसं’. या आठवणी खऱ्या आहेत, पण त्या सगळ्या महाराष्ट्राच्या नाहीत. सत्तरच्या दशकात नांदेडला किंवा लातूरला वाढलेल्या मुलाने घरी बसून यांतले काहीही पाहिलेले नव्हते. पाहण्याची सोयच नव्हती.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढच्याच वर्षी सहक्षेपणाने पुणे जोडले गेले. दूरचित्रवाणीच्या लहरी सरळ रेषेत जातात. मनोऱ्याच्या टप्प्यापलीकडे चित्र दिसत नाही. मुंबई-पुण्याच्या त्या टप्प्यात मराठवाडा नव्हता. तरीही ‘मराठी दूरदर्शनचा सुवर्णकाळ’ म्हणून जे लिहिले जाते, ते जणू अख्ख्या मराठी मुलखाने एकत्र बसून पाहिले अशा थाटात लिहिले जाते. हा इतिहास मुख्यतः मुंबईच्या मनोऱ्यावरून दिसलेला इतिहास आहे.

मराठवाड्याच्या पडद्याची गोष्ट निराळ्या दिशेने सुरू होते. ती दिशा पूर्वेची, म्हणजे हैदराबादची.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात भारतात एक विलक्षण प्रयोग झाला. अमेरिकेच्या ‘एटीएस-६’ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सामूहिक दूरचित्रवाणी संच बसवण्यात आले. ‘साइट’ या नावाने हा प्रयोग ओळखला जातो. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, शाळकरी मुलांसाठी विज्ञान असे कार्यक्रम थेट उपग्रहावरून खेड्यात उतरत. ज्या गावांनी सिनेमाचे पोस्टरही क्वचितच पाहिले असेल, तेथे संध्याकाळी चावडीपुढे शेकडो माणसे चित्र पाहायला बसू लागली.

या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण यादीतील जिल्हे पाहण्याजोगे आहेत. कर्नाटकात गुलबर्गा, रायचूर, विजापूर. आंध्रात हैदराबाद, मेदक, महबूबनगर, कर्नूल. विजापूर आणि कर्नूल वगळता बाकीचे सगळे १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. मराठवाडाही त्याच संस्थानात होता. लातूर तेव्हा उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होते आणि त्या जिल्ह्याची सीमा गुलबर्ग्याला लागून होती. म्हणजे उमरग्याच्या शिवेपलीकडल्या जिल्ह्यातील खेड्यांत कन्नड कार्यक्रम उपग्रहावरून येत होते आणि अलीकडे लोक रेडिओच ऐकत होते. एकाच संस्थानातून निघालेल्या तीन भावंडांपैकी दोघांच्या अंगणात चित्र आले, तिसऱ्याच्या नाही. भाषावार प्रांतरचनेने मराठवाड्याला मराठी राज्य दिले. त्या राज्याचे दूरदर्शन मात्र लगोलग दिले नाही.

पुढचा टप्पा दिल्लीने घडवला. १५ ऑगस्ट १९८२ रोजी दूरदर्शनचा ‘राष्ट्रीय कार्यक्रम’ आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. योगायोग असा की लातूर जिल्हा अस्तित्वात आला तो दुसऱ्याच दिवशी, १६ ऑगस्ट १९८२ रोजी. १९८३ मध्ये ‘इन्सॅट-१ बी’ अवकाशात गेला आणि देशभर कमी शक्तीचे छोटे प्रक्षेपक उभे राहू लागले. १९८४ मध्ये काही महिने तर जवळपास रोज एक, असा वेग होता. याच लाटेत मराठवाड्यातील शहरांपर्यंत दूरदर्शन पोहोचले.

या छोट्या प्रक्षेपकांचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. त्यांच्याजवळ स्वतःचा स्टुडिओ नव्हता. उपग्रहावरून दिल्लीचे जे येईल, ते पकडून आसपासच्या काही मैलांत पसरवणे एवढेच त्यांचे काम. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या मुलाची दूरदर्शनशी ओळख मराठीतून झाली, तर नांदेड-लातूरच्या मुलाची ‘हम लोग’, ‘बुनियाद’ आणि ‘चित्रहार’मधून, म्हणजे हिंदीतून. एकाच भाषेच्या एकाच पिढीत दोन वेगळी बालपणे तयार झाली. मुंबईकराला ‘छायागीत’ आठवते, मराठवाड्यातल्या माणसाला ‘चित्रहार’. हा फरक किरकोळ वाटतो, पण पुढे अभिरुची, विनोद, संवादांची आवड, आवडते नट या सगळ्यांत तो झिरपला.

पुढे महाराष्ट्रातील प्रक्षेपक मुंबईशी जोडले गेले. बालाघाटच्या डोंगररांगेतील अंबाजोगाईच्या उच्चशक्ती प्रक्षेपकाने लातूर-बीडकडच्या मोठ्या पट्ट्यात चित्र नेले. घरांवर अॅल्युमिनियमचे अँटेना उभे राहिले. वारा सुटला की एक जण गच्चीवर आणि एक संचापुढे, ‘आलं का?’ आणि ‘मुंग्या आहेत अजून’ हा संवाद गल्लीगल्लीत ऐकू येई. जानेवारी १९८७ मध्ये रामानंद सागर यांचे ‘रामायण’ आणि ऑक्टोबर १९८८ मध्ये बी. आर. चोप्रा यांचे ‘महाभारत’ सुरू झाले. रविवारी सकाळी रस्ते ओस पडण्याची गोष्ट सर्वत्र सांगितली जाते, म्हणून ती येथे पुन्हा सांगण्याचे कारण नाही.

दिल्लीची हिंदी या प्रदेशाला परकी का वाटली नाही, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. याचे उत्तर दूरदर्शनच्या कितीतरी आधीचे आहे. निजामी राजवटीत कचेरी, न्यायालय आणि उच्च शिक्षण यांची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचे होते. मराठवाड्यातील शिकलेल्या दोन-तीन पिढ्या उर्दू शिकल्या आणि बाजारात दखनी ऐकत वाढल्या. मराठी शाळांच्या गळचेपीची सल त्यात आहे आणि ती खरी आहे. पण त्या सक्तीतून एक अनपेक्षित गोष्ट घडली : हिंदी सिनेमाच्या उर्दू वळणाच्या संवादांतील आणि गाण्यांतील शब्द येथल्या प्रेक्षकाला विचारावे लागत नव्हते.

आता सिनेमाच्या नकाशाकडे वळू. खरी गंमत येथे आहे.

हिंदी सिनेमाचा व्यापार देशाची वाटणी राज्यांप्रमाणे करत नाही. तो ‘सर्किट’प्रमाणे करतो. निर्माता प्रत्येक सर्किटचे हक्क तेथल्या वितरकाला विकतो आणि वितरक आपल्या मुलखातील चित्रपटगृहांना चित्रपट पुरवतो. ही सर्किटे ब्रिटिश काळातील राजकीय नकाशावर बेतलेली आहेत. मुंबई सर्किटमध्ये गुजरात आणि कर्नाटकाचा काही भाग येतो, कारण जुना मुंबई इलाखा तसा होता. विदर्भ ‘सीपी-बेरार’मध्ये मोडतो, कारण मध्यप्रांत आणि वऱ्हाड असा तो प्रांत होता. आणि मराठवाडा मोडतो ‘निजाम’मध्ये. नांदेड, लातूर, परभणी, बीड हे जिल्हे तेलंगण आणि बिदर-गुलबर्ग्यासह एकाच खान्यात.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाईने संस्थान संपले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्याचे तीन तुकडे झाले : तेलुगू भाग आंध्राला, कन्नड भाग म्हैसूरला, मराठी भाग द्विभाषिक मुंबई राज्याला. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली ज्या राजवटीविरुद्ध लढा झाला, तिचे नाव शासकीय नकाशावरून पुसले गेले. चित्रपट व्यापाराच्या वह्यांत मात्र ते तसेच राहिले. नांदेडच्या प्रेक्षकाने तिकिटासाठी मोजलेले पैसे हिशेबात ‘निजाम’ या शीर्षकाखाली जमा होत राहिले.

हे केवळ नावापुरते नव्हते. या सर्किटचे व्यापारी केंद्र हैदराबाद. चित्रपटाच्या प्रती मोजक्या असत आणि एकेक प्रत महाग. ती आधी मोठ्या शहरात चाले, तेथला जोर ओसरला की जिल्ह्याच्या गावी, मग तालुक्याला, आणि शेवटी ओरखडे पडलेल्या, तुकडे गळालेल्या अवस्थेत जत्रेच्या तंबूत. मराठी चित्रपटाची अडचण आणखी वेगळी. हिंदी चित्रपट घेणाऱ्या वितरकाला संपूर्ण सर्किटचा प्रेक्षक मिळे. मराठी चित्रपट घेणाऱ्याला त्यातील केवळ मराठवाडा. व्यापाराच्या दृष्टीने हा आतबट्ट्याचाच सौदा. मराठवाड्यात मराठी सिनेमा उशिरा पोहोचे, याचे खापर पुष्कळदा प्रेक्षकाच्या ‘मागास’ अभिरुचीवर फोडले जाते. दोष अभिरुचीचा कमी आणि या वाटणीचा अधिक आहे.

रेल्वेने त्यात भर घातली. हैदराबादहून मनमाडकडे जाणारी निजामाची मीटरगेज गाडी विसाव्या शतकाच्या आरंभापासून नांदेडवरून धावत होती. हैदराबादचा माल नांदेडला सरळ येई. लातूरची गाडी मात्र पश्चिमेकडे जाणारी. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद रूळमार्ग १९११ मध्ये लातूरला आला आणि तो कुर्डुवाडीला, म्हणजे ब्रिटिश मुलखात, पोहोचवत असे. आज दोन्ही शहरे ‘मराठवाडा’ या एका शब्दात बसतात. पण एकाचा रूळ हैदराबादकडे आणि दुसऱ्याचा सोलापूर जिल्ह्याकडे होता, हे विसरून चालत नाही. लातूरचा व्यापारी बार्शी-सोलापूरशी जितका जोडलेला होता, तितका नांदेडचा कधीच नव्हता.

ऐंशीच्या दशकात व्हिडिओ कॅसेट आली आणि वितरकाची ही साखळी प्रथमच तुटली. रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा, गणपतीत वर्गणी काढून रात्रभर तीन-तीन सिनेमे पाहायचे. सर्किट नाही, रिळे नाहीत, पाळी नाही. कायद्याच्या दृष्टीने यातील बरेचसे चोरीचे होते. पण दादा कोंडके आणि पुढे लक्ष्मीकांत बेर्डे, अशोक सराफ खेड्यापाड्यांत पोहोचण्यात या चोरट्या कॅसेटींचा वाटा नाकारता येणार नाही.

१९९३ च्या अनंत चतुर्दशीनंतर, ३० सप्टेंबरच्या पहाटे, किल्लारीला भूकंप झाला. हजारो माणसे गेली. तोवर पडदा पाहणारा हा प्रदेश पडद्यावर दिसू लागला : दगडमातीचे ढीग आणि त्यांवर बसलेली माणसे. लातूर या नावाशी देशाच्या मनात कित्येक वर्षे तेच चित्र जोडलेले राहिले.

खासगी वाहिन्यांचा काळ आला आणि हैदराबाद पुन्हा पुढे सरकले. १९९९ मध्ये ‘अल्फा मराठी’ सुरू झाली. पाठोपाठ २००० मध्ये रामोजी राव यांच्या ईनाडू समूहाची ‘ईटीव्ही मराठी’. तिच्या बातम्यांचा कारभार हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीतून चाले. मराठी तरुण पत्रकार नोकरीसाठी हैदराबादला जाऊ लागले, आणि महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांतील बातम्या तेलुगू मालकाच्या वाहिनीवरून मराठीत प्रसारित होऊ लागल्या. उस्मानियाच्या काळात शिक्षणासाठी हैदराबाद गाठणाऱ्या मराठी मुलांची ज्यांना माहिती आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

लातूरच्या रितेश देशमुख यांची कारकीर्दही येथूनच सुरू झाली. वडील महाराष्ट्राचे मुख्यमंत्री, मुंबई हाताशी. तरी ‘तुझे मेरी कसम’ (२००३) हा त्यांचा पहिला चित्रपट काढला तो रामोजी राव यांच्या उषाकिरण मूव्हीजने. दिग्दर्शक के. विजय भास्कर तेलुगू. दोन दशकांनी रितेश यांनी स्वतः मराठीत दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट ‘वेड’ (२०२२) हाही ‘मजिली’ या तेलुगू चित्रपटावर आधारलेला.

‘सैराट’मध्ये (२०१६) आर्ची आणि परशा पळून हैदराबादला जातात. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला ते भाषा न कळणारे दूरचे शहर वाटते आणि कथेला तेच हवे आहे. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या प्रेक्षकाला मात्र ते काही तासांच्या अंतरावरचे शहर वाटते. दवाखान्यासाठी, मजुरीसाठी, लग्नाच्या खरेदीसाठी माणसे तेथे जात आली आहेत.

२००५ नंतर उपग्रहाद्वारे डिजिटल प्रक्षेपण सुरू झाले, रिळांचे डबे संपले आणि नांदेडला शुक्रवारचा सिनेमा शुक्रवारीच दिसू लागला. जुनी एकपडदा चित्रपटगृहे एकामागून एक बंद पडली किंवा त्यांच्या जागी व्यापारी संकुले आली. तेलुगू व्यापारात ‘नैजाम’ म्हणजे आता जवळपास तेलंगणच. हिंदी व्यापाराच्या कोष्टकात मात्र ‘निजाम’ हा खाना अजून आहे आणि नांदेड-लातूर त्यातच मोजले जातात.