प्राणहितेवरची मुक्कामी नाव

गोंडपिपरी तालुक्याच्या एका अंगाने वर्धा वाहते, दुसऱ्या अंगाने वैनगंगा. चपराळ्याच्या बाजूला दोघी भेटतात, आणि तिथून पुढे नदीचे नाव होते प्राणहिता. ही प्राणहिता सुमारे ११३ किलोमीटर चालून सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते. पुढे भद्राचलम, पुढे राजमहेंद्री आणि मग समुद्र. म्हणजे भर पावसात तुम्ही आपल्या घाटावरून एखादा ओंडका पाण्यात सोडला, तर तो समुद्रापर्यंत जायला हरकत नाही. सिरोंचा-अहेरीकडचे सागवान असेच नदीतून खाली नेत असत.

पण ओंडका जाणे वेगळे आणि माल भरलेली, माणसे बसलेली नाव जाणे वेगळे. ती नाव जावी आणि परतही यावी, यासाठी इंग्रज सरकारने गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात पुष्कळ खटाटोप केला. त्या खटाटोपाची ही हकीकत.

सर आर्थर कॉटन हे नाव आंध्रातल्या शेतकऱ्याला आजही ठाऊक आहे. त्यांनी १८४७ ते १८५२ या काळात राजमहेंद्रीच्या खाली दवळेश्वरम येथे गोदावरीवर बंधारा घातला. या गृहस्थांचा लोखंडी सडकेपेक्षा पाण्याच्या वाटेवर फार भरवसा. गोदावरी, प्राणहिता, वर्धा या वाटेने नागपूर प्रांताचा माल थेट समुद्राला न्यावा, असा विचार १८५१ पासून निघाला. इकडून हिंगणघाटकडचा कापूस खाली जायचा आणि तिकडून किनाऱ्याचे मीठ वर यायचे. त्या वेळी आपल्याकडे मीठ बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून येई, हे लक्षात घ्या. वाटेत तीन ठिकाणी नदीच्या पात्रात खडकांच्या रांगाच रांगा होत्या: खाली दुम्मागुडेमला, मध्ये इंचमपल्लीला आणि तिसरी आपल्या प्राणहितेवर देवलमरीला. १८६१ पासून मद्रास इंजिनियर्सचे कॅप्टन हेग यांच्या देखरेखीखाली बंधारे, कालवे आणि नावा चढवण्या-उतरवण्याचे दरवाजे बांधण्याचे काम जोराने सुरू झाले. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला मिळेनासा झाला, आणि हिंगणघाटच्या कापसाला एकाएकी सोन्याचे मोल आले. मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांचाही या योजनेला मोठा पाठिंबा होता.

आता ही योजना कागदावर न पाहता आपण नावेत बसूनच पाहू. समजा, साल १८६५ आहे, दसरा होऊन गेला आहे, आणि तुम्हाला नवी कोरी नाव घेऊन राजमहेंद्रीला जायचे आहे. नावेतच झोपायचे, नावेतच रांधायचे. मग तयारी कशी कराल?

पहिली गोष्ट म्हणजे नावेचा तळ. आपल्या ढिवर मंडळींचा डोंगा एका जाड खोडाचा, कोरून काढलेला. तो उथळ पाण्यातून सुरेख सरकतो. पण त्यात पाय लांब करून झोपणे नाही. म्हणून फळ्यांची, सपाट तळाची नाव हवी. धरा, १२ मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद. गुरुजी, हा हिशेब वर्गात जरूर घाला. १२ गुणिले अडीच म्हणजे ३० चौरस मीटर तळ. अशी पेटीसारखी नाव एक सेंटिमीटर खाली बसायला ३०० किलो वजन लागते, कारण तितके पाणी ती बाजूला सारते. त्या काळी शेर आणि मण होते, पण मुलांना किलो सोपे.

पाच माणसांचा दोन आठवड्यांचा शिधा म्हणजे तांदूळ, तुरीची नि लाखोळीची डाळ, मीठ, तिखट, चिंच, गूळ, जवसाची चटणी आणि तेलाचा बुधला. सगळे मिळून शंभर किलो धरा. त्याने नाव अर्धा सेंटिमीटरही बसत नाही. तेव्हा शिध्यात काटकसर करू नका. मुरमुरे आणि चिवडा वेगळ्या डब्यात ठेवा, कारण ज्या दिवशी पाऊस झोडपतो त्या दिवशी चूल पेटत नाही. पण कापूस सहा हजार किलो भरला की नाव वीस सेंटिमीटर खाली जाते. नावेचे स्वतःचे वजन साडेचार हजार किलो धरले तर त्याचे आणखी पंधरा. तळाखाली थोडी मोकळीक हवी, म्हणजे निदान अर्धा मीटर पाणी वाटभर पाहिजे. हा आकडा ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

नवी नाव आधी पाण्यात नुसती उभी ठेवावी. फळ्या फुगतात, सांधे आवळतात, आणि तरीही जिथून पाणी झिरपते तिथे सूत ठोकून वर राळ आणि तेल भरायचे. नावेच्या मधल्या भागावर बांबूच्या कमानी, त्यांवर ताट्या, त्यावर गवताचे शाकार. हे झाले घर. छप्पर उंच करण्याचा मोह आवरावा. उंच छपराला वारा धरतो आणि नाव आडवी फिरते. तळाला बांबूची उचलती चटई घालावी, म्हणजे खाली साचलेले पाणी उपसता येते आणि अंथरूण कोरडे राहते. एका टोकाला लाकडी चौकटीत ओली माती आणि वाळू थापून चूल मांडावी. शिंक्याला गाडगी टांगावी. उंदीर नावेतही येतात, ते काही तिकीट काढून येत नाहीत.

पाण्याचे म्हणाल तर नदी भोवतीच आहे, पण दसऱ्याचे पाणी गढूळ. निवळीचे बी मडक्याच्या आत घासले की गाळ तळाला बसतो, हे आपल्या भागातल्या लोकांना पूर्वीपासून ठाऊक. मात्र निवळलेले पाणी म्हणजे निर्दोष पाणी नव्हे. पटकी पाण्यातून पसरते हे लंडनच्या जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने १८५४ साली दाखवून दिले होते, पण ते सर्वांना पटायला पुढे वर्षे गेली. तेव्हा निवळा आणि मग उकळा. सरपण त्यासाठी दुप्पट घ्या.

नाव सजली. आता निघू. पहिले काही दिवस खरोखर सुखाचे. दोन्ही काठांना जंगल, वाळूच्या बेटाला नाव लावून रात्रीचा मुक्काम. बेटावर वारा असतो, तिथे झोप चांगली लागते. आणि मग येते देवलमरी. खडक. इथे नाव थांबते. वाट बांधून झालेली नाही, म्हणून माल उतरवा, गाडीत भरा, खालच्या बाजूला पुन्हा चढवा. गाड्या हजर नसतील तर बसा वाट पाहत. एक दिवस, चार दिवस.

या चार दिवसांत काय होत होते ते त्या वेळी कुणालाच नीट कळले नव्हते. पूर ओसरला की खडकांच्या खळग्यांत स्वच्छ, संथ पाण्याची डबकी राहतात. हिवतापाचे डास ज्या ठिकाणी वाढतात त्यांपैकी ही एक नामी जागा. म्हणजे ज्या जागी नावेला थांबणे भाग होते, नेमक्या त्याच जागी ताप वस्तीला होता. नावेतले लोक निदान पुढे जात. बंधारे बांधणारे मजूर तिथेच महिनोन्‌महिने राहत. बाहेरून आणलेली ही माणसे तापाने पडत, उरलेली पळून जात, आणि काम बंद पडे. साहेब लोक म्हणत, जंगलाची हवा वाईट. डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू रोनाल्ड रॉस यांना दिसला तो १८९७ साली, सिकंदराबादला. सिंकोनाची झाडे निलगिरीवर लागली होती ती नुकती १८६० च्या सुमारास. क्विनाइन महाग आणि साहेबाच्या पेटीतले. तेव्हा आपल्या नावेच्या सामानात ज्या मच्छरदाणीला कुणीही चैनीची वस्तू म्हटले असते, तीच खरी गरजेची होती. शिध्याची, छपराची, नांगराची तयारी चोख आणि ही एक वस्तू नाही, एवढ्यावर माणूस गेला असता.

आता तो अर्ध्या मीटरचा आकडा आठवा. पावसाळ्यात नदीला पाणी इतके आणि इतके वेगाचे की भरली नाव वर ओढून आणणे अशक्यप्राय. माघानंतर जागोजागी गुडघाभर पाणी. बांधकामाने खडक ओलांडता येतात, पण उन्हाळ्यात नसलेले पाणी कुठून आणणार? माझ्या मते योजनेचे खरे दुखणे हेच. वैनगंगेवर डोंगा चालवणाऱ्या कोणत्याही ढिवराला विचारले असते, तरी त्याने चैत्रातल्या नदीकडे नुसते बोट दाखवले असते.

दरम्यान १८६७ साली मुंबईची आगगाडी नागपूरला पोचली. तिला चैत्र आणि आषाढ सारखेच. अमेरिकेतले युद्ध १८६५ सालीच संपले होते, कापसाचे भावही उतरले. अखेर ऑक्टोबर १८७१ मध्ये सरकारने लाखो रुपये खर्च झाल्यावर काम थांबवले. सिरोंचा हे ज्याचे ठाणे होते तो अप्पर गोदावरी जिल्हा १८७४ साली मोडला. सिरोंचा चांद्याला जोडले गेले, भद्राचलम मद्रासकडे गेले. १८७७ साली वरोऱ्यापर्यंत कोळशासाठी रूळ आले आणि नदीच्या वाटेचे नाव कुणी काढेनासे झाले.

दुम्मागुडेमचा बंधारा मात्र राहिला. सिरोंच्याला जुना बंगला आहे. तुम्ही शाळेची सहल घेऊन त्या बाजूला गेलात तर तो मुलांना दाखवा, आणि तिथून प्राणहिता-गोदावरीच्या संगमावरही न्या. जमल्यास फाल्गुनात न्या. वाळूत उभे राहून पोरांना विचारा, की सहा हजार किलो कापूस भरलेली नाव इथून कशी काढाल?