पोलीस पाटील (यवतमाळ जिल्हा)

गावातच राहून गावाची खबर पोलीस ठाण्याला आणि ठाण्याची खबर गावाला देणारा मानधनी सरकारी सेवक. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ हा या पदाचा आजचा आधार आहे. अमेरिकेच्या ग्रामीण भागात हे काम बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेला शेरीफ आणि त्याची कचेरी करते. महाराष्ट्रात शेरीफ म्हणजे मुंबईचे ‘नगरपाल’ हे केवळ मानाचे पद. यवतमाळसारख्या जिल्ह्यात शेरीफचे खरे काम तिघांत वाटले गेले आहे : जिल्ह्याला पोलीस अधीक्षक, ठाण्याला ठाणेदार आणि गावाला पोलीस पाटील. (ठाण्याच्या प्रमुखाला विदर्भात सर्रास ठाणेदार म्हणतात.) पहिल्या दोघांची दर काही वर्षांनी बदली होते. पाटील गावचाच असतो. त्याचे शेत कुठल्या धुऱ्याला आहे आणि त्याचा शब्द किती खरा, हे दोन्ही गावाला ठाऊक असते. त्यामुळे पोलिसांचा कोणताही निरोप गावात कितपत मानला जाईल, हे बरेचसे या एका माणसावर अवलंबून राहते.

यवतमाळ जिल्ह्याचे क्षेत्रफळ १३,५८२ चौ.किमी. असून तालुके १६ आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २७,७२,३४८; त्यातले पाचांत चार जण खेड्यांत राहतात. पोलीस कामासाठी यवतमाळ, दारव्हा, पुसद, उमरखेड, पांढरकवडा आणि वणी असे उपविभाग आहेत. आकड्यांपेक्षा वस्तीचा प्रकार इथे महत्त्वाचा. पुसद, दिग्रस, महागाव, आर्णीकडे बंजारा तांडे. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी, राळेगावकडे कोलामांचे पोड आणि गोंडांची गावे. दक्षिण सीमेवर तेलुगूचा शेजार. तांड्यात गोरमाटी, पोडावर कोलामी, बाजारात वऱ्हाडी. ठाण्यातून निघणारी सूचना मात्र कार्यालयीन मराठीत असते. ‘सर्व संबंधितांना सूचित करण्यात येते की’ अशी सुरू झालेली ओळ पोडावरच्या म्हातारीला समजेल अशा बोलीत आणणे, हे काम कोणत्याही नियमात लिहिलेले नाही आणि पाटलाला ते दर वेळी करावे लागते. शिवाय पुष्कळ तांडे आणि पोड स्वतंत्र महसुली गाव नसून मूळ गावाला जोडलेले असतात. पाटील मूळ गावात, वस्ती दोन-तीन किलोमीटर दूर टेकडीखाली. तांड्यात नाईक आणि कारभारी ही जुनी मानाची पदे आहेत. शहाणा पाटील निरोप आधी त्यांच्या कानावर घालतो.

पदाचा इतिहास वऱ्हाडाच्या इतिहासाशी बांधलेला आहे. १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलेल्या वऱ्हाडात हा मुलूख पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला. १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. गावगाडा पाटील आणि पटवारी यांच्यावर चाले. त्यांच्यासाठी १९०० साली वऱ्हाडापुरता वेगळा कायदाही होता. रात्रीची राखण जागल्या करी. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १९६२ च्या कायद्याने वंशपरंपरागत मुलकी पाटीलकी संपली. वसुलीचे काम तलाठ्याकडे गेले, पोलिसी काम पोलीस पाटलाकडे राहिले, आणि तो आता वारसाने नव्हे तर नेमणुकीने येऊ लागला. पाटीलकी एका घराण्याची नाही, पदाची आहे, ही गोष्ट कायद्यात एका रेघेने आली; गावाच्या मनात उतरायला तिला पिढ्या लागल्या.

आज नेमणूक उपविभागीय अधिकारी करतात. उमेदवार २५ ते ४५ वयाचा, दहावी उत्तीर्ण आणि त्याच गावचा रहिवासी असावा लागतो. ८० गुणांची लेखी आणि २० गुणांची तोंडी परीक्षा होते. सामाजिक आणि महिला आरक्षण असल्याने अनेक गावांत बाई पोलीस पाटील आहेत. वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत मुदतवाढ मिळू शकते. मानधन दीर्घकाळ दरमहा ३,००० रुपये होते. २०१९ मध्ये ते ६,५०० झाले आणि मार्च २०२४ च्या निर्णयाने १५,०००. शेती किंवा गावातला छोटा धंदा करायला मुभा आहे; राजकीय पक्षाचे काम करायला नाही. ही शेवटची अट निव्वळ शिस्तीची नव्हे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत गाव दोन पॅनलांत फाटते तेव्हा सरपंचाचा निरोप अर्ध्या गावाला आपला वाटत नाही. पाटील कोणत्याच पॅनलचा नसला तरच दोन्ही आळ्या त्याचे ऐकून घेतात.

कायद्याने पाटलावर टाकलेली कर्तव्ये वाचली की एक गोष्ट ठळक दिसते. गावातील गुन्ह्यांची स्थिती, लोकांचे आरोग्य आणि सर्वसाधारण परिस्थिती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना सतत कळवीत राहणे. शांततेला बाधा आणणारी खबर ठाण्याला देणे. गुन्हे होऊ न देणे. वॉरंट आणि आदेश बजावणे. खबरीचा सगळा प्रवाह खालून वर आहे. गावच्या सेवकांनी ठराविक गुन्ह्यांची आणि संशयास्पद मृत्यूंची माहिती द्यावी, असे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४० सांगे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३४ तेच सांगते. गावाला काय सांगावे, किती लवकर सांगावे, यासाठी मात्र असे स्वतंत्र कलम पाटलाच्या कर्तव्यांच्या यादीत नाही. ती बाजू चालते रिवाजावर, ठाणेदाराच्या स्वभावावर आणि पाटलाच्या जिवाभावावर.

वर जाणाऱ्या खबरीचे वजन या जिल्ह्यात फार आहे. शेतकऱ्याने जीव दिला की बहुधा पाटीलच ठाण्याला कळवतो, पंच जमवतो, पंचनाम्याला उभा राहतो. मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र हे जिल्हा समिती ठरवते आणि पात्र ठरल्यास घरच्यांना एक लाख रुपये मिळतात. त्या फाइलच्या तळाशी ठाण्यातला आकस्मिक मृत्यूचा कागद असतो, आणि त्या कागदाच्या तळाशी पाटलाने दिलेली खबर. नाव, वेळ, जागा, घरची परिस्थिती यांतला एक चुकीचा शब्द विधवेला वर्षभर तहसीलच्या पायऱ्या चढायला लावू शकतो. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात दाखल व्हावे लागले. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरून गेले. १९६७ च्या कायद्यातला ‘आरोग्य’ हा शब्द तोवर साथीच्या रोगांपुरता समजला जाई. एका गावात दोन माणसे फवारून आल्यावर आजारी पडली, ही वर कळवण्याची खबर आहे, हे त्या हंगामाने शिकवले.

खाली येणाऱ्या खबरीचे सर्वांत जुने साधन दवंडी. कोतवाल डफडे वाजवीत आळीच्या तोंडाशी थांबतो, दोनच वाक्ये मोठ्याने सांगतो आणि पुढे जातो. ग्रामसभेची सूचना, फरार आरोपीची उद्घोषणा, जप्ती यांसाठी चावडीवर कागद लावणे आणि जाहीर वाचन किंवा दवंडी यांना कायद्यातच स्थान आहे. ज्याला वाचता येत नाही आणि ज्याच्याकडे फोन नाही, त्याच्याही कानावर दवंडी पडते, हा तिचा मोठा गुण. पण तिचा इतिहास वेदनेचाही आहे. गावोगाव हे काम जातीने महारांवर लादलेले होते. दिवसरात्र राबवून घेणाऱ्या महार वतनाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. आजचा कोतवाल नेमणुकीने येतो. तरीही एखाद्या गावात डफड्याऐवजी कर्णा किंवा ग्रामपंचायतीचा भोंगा पसंत केला जातो, त्यामागे नुसती सोय नसते. तो स्वाभिमानाचा भाग आहे आणि तसाच मानला पाहिजे.

आता दवंडीच्या जोडीला मोबाइल आला आहे. ठाणेदाराचा किंवा बीट जमादाराचा पाटलांसाठी एक व्हॉट्सअॅप गट, आणि पाटलाचा गावासाठी दुसरा. मोटारसायकल आणि बैलचोरीच्या सूचना, ऑनलाइन फसवणूक झाल्यास १९३० आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक, पोळा, गणपती, दुर्गोत्सव आणि ईदच्या आधीच्या शांतता समितीच्या बैठकांचे निरोप, मिरवणुकीचे मार्ग, ‘एक गाव एक गणपती’चे आवाहन. राज्यातील काही जिल्ह्यांनी ग्रामसुरक्षा यंत्रणा उभी केली आहे. त्यात एका टोल-फ्री क्रमांकावर बोललेला आवाज नोंदवलेल्या सगळ्या गावकऱ्यांच्या फोनवर एकाच वेळी वाजतो. व्हॉट्सअॅपपेक्षा ही सोय अधिक उपयोगी म्हणावी लागेल, कारण रात्री दोन वाजता मेसेज कोणी वाचत नाही, पण घंटी वाजली तर माणूस उठतो. दरवर्षी २ जानेवारीपासून पोलीस स्थापना दिनाच्या सप्ताहात शाळेची मुले ठाण्यात नेली जातात, वायरलेस आणि कोठडी पाहतात. ठाण्याची भीती कमी करणारा याहून साधा मार्ग दुसरा नसावा.

खबरीची कसोटी पुराच्या आणि भयाच्या वेळी लागते. २८ सप्टेंबर २०२१ रोजी उमरखेडजवळ दहागाव पुलावरून पाणी वाहत असताना एस.टी. बस पुरात वाहून गेली आणि प्रवाशांचे जीव गेले. २२ जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत महागाव तालुक्यातील आनंदनगर तांडा पाण्याने वेढला आणि अडकलेल्या लोकांना आपत्ती प्रतिसाद दलाने बाहेर काढले. पैनगंगा, पूस, अडाण, अरुणावती, बेंबळा या नद्यांच्या काठी धरणातून पाणी सोडण्याची सूचना दोन तास आधी पोहोचली तर गोठ्यातली जनावरे सुटतात. इथे पाटील दूरचा निरोप्या राहत नाही, तो स्वतः पुलाच्या तोंडाशी आडवे लाकूड टाकून उभा राहतो. पांढरकवडा-राळेगाव भागात टी-१ (अवनी) या वाघिणीची दहशत होती तेव्हाचा काळही असाच. तेरा माणसांच्या मृत्यूंशी तिचे नाव जोडले गेले होते. २ नोव्हेंबर २०१८ रोजी ती मारली गेली. तोवर कपाशी वेचायला एकटे जाऊ नका, झुंडीने जा, अंधार पडायच्या आत परता, ही सूचना रोज नव्याने सांगावी लागत होती. खबर जुनी झाली की माणूस पुन्हा एकटा शेतात जातो.

अफवेच्या बाबतीत महाराष्ट्राने फार मोठी किंमत मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या मोबाइलवरील अफवेतून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक असेच चोर समजून मारले गेले. या दोन्ही घटना यवतमाळच्या नाहीत. पण पाल ठोकून राहणारे, भविष्य सांगणारे, जडीबुटी विकणारे भटके लोक सुगीच्या आगेमागे इथल्या खेड्यांतूनही जातात. अशा लोकांची ठाण्यात मुसाफिर म्हणून नोंद होते. ती नोंद गावाला कळवणे हा अफवेवरचा खरा उतारा आहे. ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ या वाक्याने घाबरलेल्या आईचे समाधान होत नाही. ‘शाळेमागे उतरलेली तीन कुटुंबे अमुक तालुक्यातली आहेत, त्यांची नोंद ठाण्यात आहे, आज मी त्यांच्याशी बोललो’, असे पाटलाने सांगितले तर होते.

काय सांगू नये, हेही याच कामाचा भाग आहे. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख, बालकांची नावे, अल्पवयीन आरोपीचा फोटो उघड करणे हा गुन्हा आहे, मग तो गावाच्या गटात का असेना. त्याहून अवघड प्रश्न जातीच्या संशयाचा आहे. फासेपारध्यांचे बेडे या जिल्ह्यात आहेत. १८७१ च्या कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या जमाती १९५२ मध्ये त्या शिक्क्यातून मुक्त झाल्या, पण गावात चोरी झाली की पहिली बोटे आजही बेड्याकडे वळतात. ‘बेड्यावरच्या लोकांपासून सावध राहा’ असा निरोप पोलिसांच्या नावाने फिरला तर ती खबर राहत नाही, तो कायद्याने पुसलेला शिक्का पुन्हा मारणे होते. चोराचे वर्णन द्यावे, वेळ द्यावी, गाडीचा क्रमांक द्यावा. जमातीचे नाव देऊ नये.

पाटलाचे पद रिकामे झाले की शेजारच्या गावच्या पाटलाकडे अतिरिक्त कार्यभार जातो. कागदावर गाव पाटलाविना नसते. दाखले मिळतात, वॉरंट बजावले जातात, बैठकीला सही होते. पण तो पाटील रात्री त्या गावात झोपत नाही, तिथल्या कुत्र्यांचे भुंकणे त्याला ऐकू येत नाही, आणि नाल्याला पूर आला की त्याचा रस्ताच बंद होतो.