एका होडीचे दोन पत्ते

रत्नागिरीचे मिरकरवाडा बंदर रत्नदुर्गाच्या पायथ्याशी आहे आणि किल्ल्याच्या डोंगरावर दीपगृह आहे. आपली होडी कुठे आहे हे सांगायला तांडेलाला दोन गोष्टी पुरतात : दीपगृहापासून किती मैल आणि कोणत्या दिशेला. समुद्रावर ना आळी, ना चौक. अंतर आणि कोन हाच तिथला पत्ता. गणितात यांना ध्रुवीय निर्देशक म्हणतात. नकाशाला मात्र ही भाषा कळत नाही. त्याच्यावर उभ्या-आडव्या रेघांची जाळी. तो विचारतो, पश्चिमेला किती आणि दक्षिणेला किती? होडी एकच, पत्ते दोन. एंजिन बंद पडलेल्या होडीचा पत्ता एका भाषेतून दुसरीत नेताना चुकला, तर मदतीला निघालेली नौका भलत्याच पाण्यात शोधत राहील. आता जीपीएस यंत्र दोन्ही पत्ते क्षणात दाखवते. पण यंत्राच्या पोटात चालतो तो हिशेब जुनाच आहे.

समजा, होडी दीपगृहापासून १० सागरी मैलांवर आहे आणि तिची दिशा पश्चिमेपासून दक्षिणेकडे ३० अंश कललेली आहे. काटकोन त्रिकोण काढला, की पश्चिमेचे अंतर १० गुणिले ३० अंशांची कोज्या, म्हणजे ८.६६ मैल, दक्षिणेचे १० गुणिले ज्या, म्हणजे ५ मैल. उलट यायचे तर दोन्ही अंतरांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यावे, १० परत मिळतात. कोन त्यांच्या भागाकारावरून काढायचा. पण इथे सांभाळावे लागते. ५ भागिले ८.६६ हे उत्तर नेमक्या विरुद्ध दिशेलाही तेच येते. पूर्व-पश्चिम कोणती हे ध्यानात ठेवले नाही, तर होडी समुद्र सोडून डोंगरात चढते!

हे ज्या-कोज्या आपल्याकडे फार जुने. आर्यभटाने (जन्म इ. स. ४७६) २४ ज्यांचे कोष्टक दिले. त्याची ज्या आजच्यासारखे गुणोत्तर नव्हती, ३४३८ त्रिज्येच्या वर्तुळातली प्रत्यक्ष लांबी होती. ३० अंशांची ज्या १७१९, बरोबर त्रिज्येच्या निम्मी. ६० अंशांची २९७८, आणि तीच ३० अंशांची कोटिज्या. आमच्या होडीसाठी त्रैराशिक मांडा : ३४३८ ला २९७८, तर १० ला किती? उत्तर ८.६६. ‘त्रिज्या’ हा शब्द आपण शाळेत सहज वापरतो. मुळात तो तीन राशींची, म्हणजे ९० अंशांची ज्या. ग्रहाचे स्थान काढताना भास्कराचार्यादी ज्योतिषी भुज आणि कोटी यांवरून कर्णही काढीत, म्हणजे वाट दोन्ही बाजूंनी चालत. या शास्त्राचा इतिहास शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली मराठीत लिहिला, आणि तेही रत्नागिरी जिल्ह्यातल्याच मुरूडचे.

म्हणून ‘आमच्याकडे सारे होतेच’ अशी छाती फुगवायला मी तयार नाही. बिंदूचे स्थान काढणे वेगळे आणि अख्खी वक्ररेषा एका समीकरणात बसवणे वेगळे. हे दुसरे काम युरोपात देकार्तने १६३७ साली पुढे मांडले, आणि मग कोणत्या भाषेत कोणते समीकरण सोपे पडते, हा प्रश्न उभा राहिला. अंतराला र, कोनाला क म्हणू. क्ष² + य² = २५ या वर्तुळाचे ध्रुवीय भाषेत नुसते र = ५ उरते. उलट र = ६ कोज्या क हे गूढ दिसते. पण दोन्ही बाजूंना र ने गुणा : र² = ६ र कोज्या क. आता र² च्या जागी क्ष² + य² आणि र कोज्या क च्या जागी क्ष ठेवला, की क्ष² + य² = ६ क्ष, म्हणजे आरंभबिंदूतून जाणारे, ३ त्रिज्येचे सरळसाधे वर्तुळ. आलेखासाठी कोष्टक भरत बसायची गरजच नाही.

खरी मजा फराळाच्या ताटात आहे. चकली पाहा. सोऱ्या सारख्या वेगाने फिरवणाऱ्या हाताच्या चकलीचे वेढे सारख्या अंतराने पडतात. जितके वळण, तितके केंद्रापासून अंतर : र = अ × क. आर्किमिडीजने इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात या वक्ररेषेवर ग्रंथ लिहिला. तिला क्ष-य च्या चौकटीत बसवायला जा. वर्गमूळ स्पर्शज्येच्या पोटात अडकते आणि चकलीचा चिवडा होतो.

ध्रुवीय निर्देशकांवर याकोब बेर्नुलीने १६९१ साली लेख छापला. न्यूटनने त्याआधीच असे काही लिहून ठेवले होते, पण ते छापून निघाले १७३६ मध्ये. बेर्नुलीचे प्रेम होते दुसऱ्याच सर्पिलावर : शंखासारखे, ज्याचे वेढे ठराविक पटीने रुंदावत जातात. तेच आपल्या थडग्यावर कोरावे, अशी त्याची इच्छा होती. १७०५ साली तो वारला. बाझेलच्या पाथरवटाने मन लावून काम केले, पण कोरली ती चकली! ती शिला आजही तिथे आहे.