वर्धा नदीची सरहद

मी भंडाऱ्याचा. आमची नदी वैनगंगा. पण नागपूरहून अमरावतीला जाताना वर्धा नदीचा पूल लागतो, तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघतोच. पन्नास वर्षं ही नदी दोन राज्यांची सरहद होती. अलीकडे नागपूरकर भोसले, ज्यांच्या राज्यात आमचा भंडाराही होता. पलीकडे हैदराबादचा निजाम.

हिंदू राजा आणि मुसलमान राजा म्हणजे कायमचं वैर, असं आजकाल ऐकवलं जातं. इतिहास तसं सांगत नाही. अठराव्या शतकात वऱ्हाडात सरहद अशी नव्हतीच, दोअमली होती. मुलूख नावाला निजामाचा, पण वसुलात भोसल्यांचाही वाटा. दोघांचे अंमलदार एकाच मुलखात फिरत. (रयतेला दोन धनी, म्हणजे तिचे हाल, ते विसरून या व्यवस्थेचं कौतुक करू नये.) वाट्यावरून भांडणं होत, फौजा निघत, मग वकील जात-येत आणि वाटा पुन्हा ठरे. सरहद, अंमल, वकील हे फारसी-अरबीतून आलेले शब्द दोन्ही दरबारांचे होते.

बाजूही धर्म बघून ठरत नसे. १७६३ मध्ये जानोजी भोसले निजामाबरोबर जाऊन पुणं लुटायला होते. त्याच वर्षी राक्षसभुवनच्या लढाईआधी ते पेशव्यांकडे वळले. तीन वर्षांनी पेशवे आणि निजाम मिळून जानोजींवर चालून गेले.

मग १८०३ आलं. अडगावची लढाई हरल्यावर आणि गाविलगड पडल्यावर १७ डिसेंबरला दुसऱ्या रघुजींच्या वतीने यशवंतराव रामचंद्रांनी देवगावचा तह केला. समोर आर्थर वेलस्ली. कटक गेलं. वर्धेच्या पश्चिमेला निजामाबरोबर मिळून ज्या मुलखाचा वसूल होत असे, तोही सोडावा लागला. पुढे तो निजामाला मिळाला. नदी सरहद झाली.

मला जास्त खटकतं ते तहातलं दुसरं एक कलम. निजाम, पेशवे आणि भोसले यांच्यात वाद झाला तर मध्यस्थी करून निवाडा कंपनी सरकार देणार. म्हणजे कित्येक वर्षं भांडत का होईना, शेजारी जे काम स्वतःच्या वकिलांकडून करून घेत होते, ते तिसऱ्याच्या हाती गेलं.

१८१७ मध्ये सीताबर्डीला आप्पासाहेब हरले, तेव्हा गाविलगड आणि नरनाळाही गेले. १८२२ च्या तहात वर्धा हीच वऱ्हाडची पूर्व हद्द म्हणून पक्की झाली. पण या तहात भोसले नव्हतेच. बोलणी कंपनी आणि निजाम यांची होती.

मे १८५३ मध्ये फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी निजामाने वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिलं. डिसेंबरात तिसरे रघुजी वारले, दत्तक मानला गेला नाही आणि नागपूरचं राज्य, आमच्या भंडाऱ्यासकट, खालसा झालं. वर्षभराच्या आत नदीचे दोन्ही काठ पंचाकडे गेले.

१९३६ मध्ये निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ असा किताब मिळाला. वऱ्हाडचा कारभार तेव्हा नागपुरातून चालत होता.