अपत्य नागरिक, आईवडील परके : विनापरवाना सीमा ओलांडल्यानंतर नागरिकत्वाचे मार्ग

अपत्याला एखाद्या देशाचे नागरिकत्व मिळाले, की त्याच्या आधारे आईवडिलांचाही तेथे राहण्याचा मार्ग मोकळा होतो, असा सर्वसाधारण समज आहे. आईवडील रीतसर व्हिसावर आलेले असतील, तर काही देशांत तो बऱ्याच अंशी खराही ठरतो. मात्र त्यांनी कधीकाळी कागदपत्रांविना सीमा ओलांडली असेल, तर केवळ अपत्याच्या नागरिकत्वाने तो दोष नाहीसा होत नाही. अशा वेळी नात्याहून अधिक वजन प्रवेशाच्या तारखेला आणि त्या तारखेच्या पुराव्याला येते. भारतात या तारखेचे महत्त्व फाळणीपासून चालत आले आहे.

लालबागचे स्थानक आणि १९ जुलै १९४८

मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर हे तापीकाठचे शहर महाराष्ट्राच्या सीमेलगत आहे. त्याचे रेल्वे स्थानक जुन्या शहरापासून थोडे दूर, लालबाग भागात, भुसावळ-खंडवा मार्गावर आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेली अनेक कुटुंबे या शहरात स्थिरावली. येथील सिंधी बस्ती हे नाव त्याच स्थलांतराची खूण आहे.

त्या काळी पाकिस्तानातून आलेल्यांचे नागरिकत्व राज्यघटनेच्या कलम ६ नुसार ठरले. स्वतः, आईवडिलांपैकी एक किंवा आजी-आजोबांपैकी एक अखंड भारतात जन्मलेले असणे ही पहिली अट होती. दुसरी अट तारखेची होती. १९ जुलै १९४८ पूर्वी येऊन येथेच वास्तव्य करणाऱ्यास कोणताही अर्ज करावा लागला नाही. त्या दिवशी किंवा त्यानंतर आलेल्यास मात्र सहा महिन्यांच्या वास्तव्यानंतर अर्ज करून नोंदणी करून घेणे भाग होते, आणि तो अर्ज २६ जानेवारी १९५० पूर्वी करायचा होता. साहजिकच जुलै १९४९ अखेरनंतर आलेल्यांना या कलमाचा लाभ मिळू शकला नाही.

उदाहरणादाखल एक कुटुंब घेऊ. मुलगा जून १९४८ मध्ये आला आणि घरदार विकण्यासाठी मागे थांबलेले वडील सप्टेंबर १९४९ मध्ये पोहोचले. दोघे एकाच गावचे, एकाच छपराखाली राहणारे. तरीही घटना अमलात आली त्या दिवशी मुलगा नागरिक होता आणि वडील नव्हते. मुलाच्या नागरिकत्वावरून वडिलांना हक्क मिळेल, असे कलम ६ मध्ये काहीही नव्हते.

१९५५ च्या कायद्यात आईवडिलांचे स्थान

आजचा प्रश्न नागरिकत्व अधिनियम, १९५५ नुसार सुटतो. त्याच्या कलम ५ मध्ये नोंदणीद्वारे नागरिकत्व मिळवू शकणाऱ्यांचे प्रकार दिले आहेत : सात वर्षे येथे राहिलेली भारतीय वंशाची व्यक्ती, नागरिकाशी विवाहित असून सात वर्षे राहिलेली व्यक्ती, नागरिकांची अज्ञान अपत्ये, नोंदणीकृत नागरिकांची सज्ञान अपत्ये इत्यादी. या यादीत ‘नागरिकाचे आईवडील’ असा प्रकार नाही. कायद्यात नात्याचा लाभ आईवडिलांकडून अपत्याकडे जातो. अपत्याकडून आईवडिलांकडे येत नाही.

स्वतः किंवा आईवडिलांपैकी एक जण अखंड भारतात जन्मलेला असल्यास ती व्यक्ती भारतीय वंशाची मानली जाते. १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारतात समाविष्ट झालेल्या प्रदेशात जन्मलेल्यांनाही ही व्याख्या लागू होते. गोमंतकीयांच्या दृष्टीने हे कलम म्हणूनच विशेष महत्त्वाचे आहे. वृद्ध आईवडिलांना अनेकदा याच प्रकाराखाली अर्ज करता येतो. मात्र तो अपत्याच्या नावे नसून त्यांच्या स्वतःच्या जन्माच्या आधारे असतो.

तथापि, या सर्व प्रकारांना एक समान अट आहे : अर्जदार ‘अवैध स्थलांतरित’ नसावा. वैध पारपत्राविना आलेली, तसेच वैधपणे येऊन मुदतीनंतर राहिलेली परदेशी व्यक्ती या व्याख्येत येते. ही संज्ञा २००३ च्या दुरुस्तीने कायद्यात आली व ३ डिसेंबर २००४ पासून लागू झाली. या दुरुस्तीचा फटका पुढील पिढीलाही बसतो. त्या तारखेपासून भारतात जन्मलेल्या अपत्याच्या आईवडिलांपैकी एक भारतीय नागरिक आणि दुसरा अवैध स्थलांतरित असेल, तर त्या अपत्यास जन्माने नागरिकत्व मिळत नाही.

२०१९ ची दुरुस्ती

या अडथळ्याला एक अपवाद नागरिकत्व (सुधारणा) अधिनियम, २०१९ ने निर्माण केला. अफगाणिस्तान, बांगलादेश किंवा पाकिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती व्यक्तींना, केंद्राने प्रवेशविषयक कायद्यांतून सूट दिलेली असल्यास, अवैध स्थलांतरित मानले जात नाही. मुस्लिमांचा आणि अन्य शेजारी देशांतून आलेल्यांचा यात समावेश नाही. या भेदाला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल आहेत. अंमलबजावणीचे नियम ११ मार्च २०२४ रोजी अधिसूचित झाले. गोव्यात या कायद्याखालील पहिले प्रमाणपत्र ऑगस्ट २०२४ मध्ये मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांच्या हस्ते एका ज्येष्ठ ख्रिस्ती व्यक्तीस देण्यात आले.

अर्ज ऑनलाइन करावा लागतो. जिल्हास्तरीय समिती कागदपत्रे तपासून अर्जदारास निष्ठेची शपथ देते आणि अंतिम निर्णय जनगणना संचालकांच्या अध्यक्षतेखालील अधिकारप्राप्त समिती घेते. देशीयकरणाच्या मार्गाने अर्ज करणाऱ्यास अकरा वर्षांऐवजी पाच वर्षांचे वास्तव्य पुरते. त्याखेरीज अर्जापूर्वीचे सलग बारा महिने येथे राहिलेले असावे लागते. आठव्या अनुसूचीतील एका भाषेचे ज्ञानही अपेक्षित आहे. त्या अनुसूचीत मराठी प्रारंभापासून आणि सिंधी १९६७ पासून आहे. मंजुरी मिळाल्यास प्रवेशाच्या दिवसापासूनच नागरिकत्व मानले जाते आणि अवैध प्रवेशाबाबतची प्रलंबित कार्यवाही संपुष्टात येते.

१ सप्टेंबर २०२५ पासून आप्रवास आणि परदेशी नागरिक अधिनियम, २०२५ लागू झाला आहे. वैध कागदपत्रांविना प्रवेश केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा त्यात आहेत. उपरोक्त सहा समुदायांतील, ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्यांना केंद्राने या दंडात्मक कारवाईतून सूट दिली आहे. येथे अनेकांची गफलत होते. ही सूट कारवाईपासून संरक्षण देते, नागरिकत्व देत नाही. नागरिकत्वासाठीची तारीख ३१ डिसेंबर २०१४ हीच आहे.

अमेरिकेत काय होते?

परदेशस्थ मराठी कुटुंबांना परिचित असलेला अमेरिकी कायदा आईवडिलांच्या बाबतीत वरकरणी अधिक उदार आहे. एकवीस वर्षे पूर्ण झालेले नागरिक अपत्य आय-१३० अर्जाद्वारे आईवडिलांना प्रायोजित करू शकते. त्यांना वार्षिक कोट्याची मर्यादा नसते. प्रायोजकाचे उत्पन्न सामान्यतः दारिद्र्यरेषेच्या मार्गदर्शक मर्यादेच्या १२५ टक्के असावे लागते.

परंतु अर्ज मंजूर होणे म्हणजे ग्रीन कार्ड मिळणे नव्हे. तपासणीविना सीमा ओलांडून आलेल्या व्यक्तीस सामान्यतः देशातच राहून ग्रीन कार्ड घेता येत नाही. व्हिसासाठी मायदेशातील दूतावासात जावे लागते. आणि देश सोडताच दुसरी अट लागू होते. १८० दिवसांहून अधिक पण एक वर्षाहून कमी अवैध वास्तव्य झाले असल्यास तीन वर्षे, एक वर्ष वा अधिक झाले असल्यास दहा वर्षे पुनःप्रवेशास मनाई होते. या मनाईतून सूट मिळवण्यासाठी अर्जदाराच्या नागरिक वा कायम रहिवासी पती, पत्नी किंवा आईवडिलांवर अत्यंतिक संकट ओढवेल, हे सिद्ध करावे लागते. अपत्यावर ओढवणारे संकट त्यासाठी पुरत नाही. ज्या अपत्याने अर्ज केला, त्याचेच दुःख येथे गणतीत धरले जात नाही.

एकूण एक वर्षाहून अधिक अवैध वास्तव्यानंतर किंवा हद्दपारीनंतर पुन्हा चोरट्या मार्गाने आलेल्यावर कायमची बंदी येते आणि देशाबाहेर दहा वर्षे काढल्यावरच परवानगी मागता येते. ३० एप्रिल २००१ पर्यंत दाखल झालेल्या जुन्या अर्जांचे लाभार्थी आणि सैन्यातील व्यक्तींचे आईवडील यांच्यासाठी काही सवलती आहेत. म्हणून पूर्वी सीमा ओलांडलेल्या आईवडिलांनी वकिलाचा सल्ला घेतल्याखेरीज मुलाखतीसाठी अमेरिका सोडू नये.

कागद जपण्याचे मोल

दोन्ही देशांत निर्णायक ठरतो तो प्रवेशाचा पुरावा. भारतातील २०२४ च्या नियमांनुसार प्रवेशाच्या तारखेसाठी व्हिसा व आगमनाचा शिक्का, परदेशी नागरिक नोंदणीचे प्रमाणपत्र, शिधापत्रिका, विजेचे बिल, बँकेची वा टपाल खात्याची नोंद, शाळा सोडल्याचा दाखला, जनगणनेच्या वेळी मिळालेली पावती अशी अनेक कागदपत्रे ग्राह्य आहेत. त्यांची मुदत संपली असली तरी चालते. मात्र ती ३१ डिसेंबर २०१४ पूर्वीचा प्रवेश दाखवणारी असावीत.

अशा घरांतील मुलांनी आपल्या नागरिकत्वाच्या दाखल्याबरोबरच आईवडिलांच्या जुन्या ट्रंकेतील कागदही वेळीच पाहावेत. सीमा कधी ओलांडली, हे सांगणारी माणसे कायम सोबत राहत नाहीत. त्यांच्या हयातीतच तारीख लिहून ठेवणे, तिला आधार देणारा कागद शोधणे आणि त्याच्या प्रमाणित प्रती करून घेणे, एवढे तरी अपत्याच्या हाती निश्चित आहे.