थांबावे की बदलावे : डेस्कटॉप प्रोसेसरच्या बैठकीचा इतिहास

डेस्कटॉप संगणकाचा प्रोसेसर आत्ताच बदलावा की पुढच्या पिढीची वाट पाहावी, हा प्रश्न आज इतका सवयीचा झाला आहे की त्यालाही एक इतिहास आहे याचा सहसा विसर पडतो. प्रोसेसर म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञा प्रत्यक्ष पार पाडणारी सिलिकॉनची चिप. ती मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या सर्व भागांना जोडणाऱ्या मुख्य पाटीवर, ज्या बैठकीत बसवली जाते तिला सॉकेट म्हणतात. हा प्रश्न उभा राहण्यासाठी दोन गोष्टी जुळून याव्या लागल्या : एक म्हणजे ग्राहकाला प्रोसेसर स्वतः काढता-बसवता येणे आणि दुसरी म्हणजे येणारी चिप आजच्या चिपपेक्षा किती वेगवान असेल याचा अंदाज आधीच बांधता येणे. चर्चा बहुतेक वेळा दुसऱ्या गोष्टीची, म्हणजे वेगाची होते. परंतु गेल्या चार दशकांचा घटनाक्रम तपासला, तर ग्राहकाचा निर्णय फळला की फसला हे चिपच्या वेगापेक्षा सॉकेटच्या आयुष्यावरच अधिक अवलंबून होते, असे दिसते.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा त्यात इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला सुमारे ४७ लाख ७० हजार ठोके, या गतीने चालत होता. त्याच्या शेजारी आणखी एक बैठक मुद्दाम रिकामी ठेवलेली होती. ती ८०८७ या गणिती सहप्रोसेसरसाठी, म्हणजे अपूर्णांकांची आकडेमोड झपाट्याने करणाऱ्या जोडचिपसाठी होती. आज घेतलेल्या यंत्रात उद्या भर घालता येईल, ही कल्पना या रिकाम्या बैठकीने सामान्य खरेदीदाराच्या मनात रुजवली. मूळ प्रोसेसर बदलण्याची सोय मात्र तिच्यात नव्हती. ८०२८६ हवा असेल तर १९८४ चा आयबीएम एटी हा निराळा संगणकच घ्यावा लागे आणि ८०३८६ साठी १९८६ मध्ये कॉम्पॅक कंपनीने आणलेले नवे यंत्र, कारण प्रत्येक पिढीबरोबर बाह्य वाहिनीची रुंदी, म्हणजे प्रोसेसर एका खेपेत जितकी माहिती आत-बाहेर नेतो तिचे माप, बदलत होती.

वाट पाहणाऱ्या ग्राहकाची ताकद उत्पादकांच्या लक्षात आली ती याच काळात, आणि त्या घटनेचा भारताशी असलेला धागा नोंदवण्याजोगा आहे. संगणक उद्योजक ॲडम ऑस्बोर्न यांचे वडील आर्थर ऑस्बोर्न हे रमण महर्षींचे अनुयायी होते. ॲडम यांचे बालपण तमिळनाडूत गेले आणि २००३ मध्ये कोडाईकनालला त्यांचे निधन झाले. त्यांच्या अमेरिकी कंपनीने १९८१ मध्ये १,७९५ डॉलरला विकायला काढलेला ऑस्बोर्न-१ हा उचलून नेता येणारा संगणक भरपूर खपला. मात्र १९८३ मध्ये पुढील मॉडेलची वाच्यता आधीच झाली, ग्राहकांनी हात आखडता घेतला आणि सप्टेंबरमध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली, असे तिच्या अस्ताचे रूढ वर्णन आहे. ‘ऑस्बोर्न परिणाम’ ही संज्ञा त्यातूनच आली. हे वर्णन अपुरे आहे, कारण पाच इंची पडद्याच्या ऑस्बोर्नसमोर नऊ इंची पडद्याचा आणि किमतीने स्वस्त असा केप्रो-२ आधीच उभा होता. तरीही उद्योगाने त्यातून घेतलेला धडा टिकला : पुढच्या वस्तूची आशा आजच्या विक्रीला मारक ठरू शकते, म्हणून ती आशा आजच्याच वस्तूत गुंफून विकली पाहिजे.

ही गुंफण सर्वांत ठळक दिसते ती ४८६ च्या काळात. १९९१ मध्ये इंटेलने ४८६ एसएक्स हा स्वस्त प्रोसेसर आणला, ज्यात अपूर्णांकांचे गणित करणारा भाग वापराबाहेर ठेवलेला होता. ज्यांना तो भाग नंतर हवा असेल त्यांच्यासाठी ४८७ एसएक्स या नावाचा ‘सहप्रोसेसर’ विकला जाई. वस्तुतः तो एक पिन जास्त असलेला संपूर्ण ४८६ होता आणि शेजारच्या बैठकीत बसवताच तो मूळ चिपला निष्क्रिय करून सगळे काम स्वतःकडे घेई. ग्राहक भर घालत नव्हता, दुसरा प्रोसेसर विकत घेत होता. १९९२ मध्ये हाच व्यवहार ‘ओव्हरड्राइव्ह’ या नावाने उघडपणे सुरू झाला. त्यामागचे तंत्र खरोखर गुणाचे होते, कारण चिपच्या आतील गती मदरबोर्डच्या गतीच्या दुप्पट ठेवल्यामुळे जुनी पाटी आणि जुनी रॅम न बदलता वेग वाढवता येत असे. याच सुमारास तरफेचे सॉकेटही प्रचारात आले : बाजूची दांडी उचलली की पिनांवरची पकड सुटते आणि चिप जोर न लावता अलगद निघते. त्याआधी १६८ पिनांची चिप उपसून काढणे हे जोखमीचे काम होते; या साध्या दांडीने ते घरगुती करून टाकले. प्रोसेसर बदलण्याची प्रथा लोकांपर्यंत पोहोचवण्याचे श्रेय कोणत्याही एका चिपपेक्षा या दांडीला द्यावे लागेल.

त्याच सॉकेटवर पहिले मोठे आश्वासनही लिहिले गेले. पुढे येणारा पेंटियम ओव्हरड्राइव्ह याच बैठकीत बसेल, असे सांगून त्या काळातील अनेक ४८६ यंत्रे विकली गेली आणि त्यासाठी सॉकेटला पिनांची एक जादा रांगही ठेवलेली होती. मूळ पेंटियम मार्च १९९३ मध्ये आला. या खरेदीदारांना कबूल केलेली चिप मात्र फेब्रुवारी १९९५ मध्ये, ६३ मेगाहर्ट्झची. तोवर १०० मेगाहर्ट्झचा पेंटियम बाजारात येऊन वर्ष होत आले होते. शिवाय पेंटियमला ६४ बिटांची वाहिनी मिळे, तर जुन्या बैठकीत ती ३२ बिटांचीच राहिली, त्यामुळे नव्या चिपची बरीच ताकद दाराशीच अडत असे. येथे वाट पाहणाऱ्याचा तोटा झाला तो संयमामुळे नव्हे. त्याने भरवसा ठेवला होता तो रिकाम्या जागेवर, आणि जागा असणे म्हणजे तीत बसणारी वस्तू वेळेवर मिळणे नव्हे.

थांबण्याला गणिताचे बळ मिळाले ते गॉर्डन मूर यांच्या निरीक्षणातून. चिपवरील घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होते असे त्यांनी १९६५ मध्ये मांडले आणि १९७५ मध्ये ती मुदत सुधारून दोन वर्षांवर नेली. वेग मात्र दर अठरा महिन्यांनी दुणावतो, असा हिशेब पुढे रूढ झाला. १९९९ मध्ये ॲरिझोना विद्यापीठातील काही खगोलशास्त्रज्ञांनी हा हिशेब थांबण्याच्या प्रश्नाला लावला. अठरा महिन्यांत वेग दुप्पट होत असेल, तर आजच्या यंत्रावर २६ महिन्यांहून जास्त चालणारी आकडेमोड लगेच सुरू न करता नव्या यंत्रासाठी थांबणे लाभाचे, असे त्यांचे उत्तर होते. उदाहरणार्थ, ४० महिन्यांचे काम असेल, तर सुमारे ११ महिने थांबून घेतलेल्या यंत्रावर ते २६ महिन्यांत, म्हणजे एकूण ३७ महिन्यांत संपते. मांडणीचा सूर खेळकर असला तरी निष्कर्ष गंभीर आहे, कारण त्याचा व्यत्यासही तितकाच खरा आहे : ज्याचे काम २६ महिन्यांपेक्षा लहान आहे, म्हणजे घरी वा कचेरीत संगणक वापरणारा जवळजवळ प्रत्येक जण, त्याने वेगवाढीच्या भर काळातही काम सुरू करण्यासाठी थांबण्याचे कारण नव्हते.

किमती घसरतच राहतात, हे या साऱ्याचे गृहीतकही वेळोवेळी कोसळले. जुलै १९९३ मध्ये जपानमधील निइहामा येथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपच्या वेष्टनाला लागणाऱ्या राळेच्या जागतिक पुरवठ्यातील मोठा वाटा तेथून येत असल्याने रॅमच्या किमती एकाएकी भडकल्या आणि स्वस्ताईसाठी थांबलेल्यांना जास्त पैसे मोजावे लागले. भारतात या हिशेबात डॉलरचा दर आणि आयात शुल्क यांची भर पडे. मार्च १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि पुढील काही वर्षांत संगणकाच्या भागांवरील शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर येत गेले; ज्याला लोक आजही लॅमिंग्टन रोड म्हणतात त्या मुंबईच्या डॉ. भडकमकर मार्गावर सुटे भाग घेऊन असेंबल्ड संगणक जुळवून घेणाऱ्या गिऱ्हाइकाला त्या काळात थांबण्याचे एक खास भारतीय कारण होते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यास सॉकेट-७ ही बैठक इंटेल, एएमडी आणि सायरिक्स या तिन्ही उत्पादकांच्या चिपांना सामाईक होती आणि ग्राहकाला इतके स्वातंत्र्य पुन्हा मिळाले नाही. मे १९९७ मध्ये पेंटियम-२ बरोबर इंटेलने स्लॉट-१ ही स्वतंत्र बैठक आणली, एएमडीनेही पुढे आपली वाट वेगळी केली आणि तेव्हापासून मदरबोर्ड निवडणे म्हणजे कंपनी निवडणे झाले. उतावळेपणाची किंमत कळते ती सॉकेट-४२३ वरून. नोव्हेंबर २००० मध्ये पहिल्या पेंटियम-४ साठी आलेल्या या बैठकीची जागा घेणारे सॉकेट-४७८ ऑगस्ट २००१ मध्येच दाखल झाले. जुन्या बैठकीची मजल २ गिगाहर्ट्झवर संपली आणि त्यासोबत घेतलेली आरडीरॅम या प्रकारची महागडी रॅमही बाजाराने लवकरच टाकून दिली.

२००४ मध्ये प्रश्नाचा पायाच हलला. ट्रान्झिस्टर लहान होत गेले की त्यांची विजेची भूकही त्याच प्रमाणात घटते, हा आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडलेला नियम वीजगळतीमुळे लागू पडेनासा झाला. उष्णता आवरेना, तेव्हा इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम-४ रद्द केला. १९९० ते २००० या काळात घड्याळी गती ३३ मेगाहर्ट्झवरून १,००० मेगाहर्ट्झवर गेली होती. २००४ मध्ये ३.८ गिगाहर्ट्झवर असलेला इंटेलच्या डेस्कटॉप चिपांचा उच्चांक ६ गिगाहर्ट्झवर पोहोचायला २०२३ उजाडले. वाढ आता कोअरच्या संख्येतून, म्हणजे एकाच चिपवरील स्वतंत्र गणनाकेंद्रांतून, व्हायची होती. पण जानेवारी २०११ मधील सँडी ब्रिजपासून जानेवारी २०१७ मधील कॅबी लेकपर्यंत इंटेलच्या मुख्य डेस्कटॉप मालिकेत चारच कोअर राहिले. या सहा वर्षांत २०११ चा प्रोसेसर तसाच ठेवणाऱ्याने फारसे काही गमावले नाही.

ही स्थिरता मोडली ती मार्च २०१७ मध्ये, एएमडीच्या आठ कोअरच्या रायझनने आणि त्याच्या एएम-४ या बैठकीने. २०२० पर्यंत हीच बैठक चालू ठेवण्याची हमी कंपनीने दिली होती, आणि ती आपोआप पाळली गेली असे मुळीच नाही. मे २०२० मध्ये काही जुन्या मदरबोर्डांना पुढची पिढी मिळणार नाही असे कंपनीने जाहीर केले. बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारी मूलभूत आज्ञावली, साठवणाऱ्या चिपची अपुरी जागा हे कारण दिले गेले आणि ग्राहकांच्या तीव्र नाराजीनंतर पंधरवड्याच्या आत तो निर्णय फिरवला गेला. एप्रिल २०२२ मध्ये ९६ मेगाबाइट तिसऱ्या स्तराची कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतील जलद स्मृती, असलेला ५८००एक्स३डी आला, तो बायोस अद्ययावत केल्यावर २०१७ च्या कित्येक मदरबोर्डांतही बसू लागला. दुसरीकडे, जानेवारी २०१७ मध्ये चार कोअरचा आय-७ ७७००के घेणाऱ्याला त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सहा कोअरचा ८७००के दिसला. सॉकेटचे नाव आणि पिनांची संख्या तीच असूनही त्यासाठी नवा मदरबोर्ड सक्तीचा होता.

या दोन खरेदीदारांची गाठ पुन्हा एकदा पडली. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज-११ च्या मान्य प्रोसेसरांच्या यादीत ७७००के नव्हता आणि पहिल्या पिढीचा रायझनही नव्हता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज-१० चा नियमित आधार संपला, तेव्हा दोघांचीही चालती यंत्रे एकाच दिवशी कालबाह्य ठरली. एकाला मदरबोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही बदलणे भाग होते. दुसऱ्याला दांडी उचलून त्याच बैठकीत दुसरी चिप बसवता येत होती.