जळाऊ लाकूड-कोळसा व्यवसाय आणि जंगल कामगार सहकारी संस्था : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील सहकाराचा इतिहास प्रामुख्याने साखर कारखाने, दूध संघ व पतपुरवठा संस्था यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५० च्या अखेरीस सुरू झाला. त्याच्याही आधी, १९४७ पासून, तत्कालीन मुंबई प्रांतात आदिवासी मजुरांच्या जंगल कामगार सहकारी संस्था स्थापन होऊ लागल्या होत्या. इमारती लाकडाबरोबरच जळाऊ लाकूड व कोळसा हा त्यांच्या व्यवसायाचा महत्त्वाचा भाग होता. या व्यवसायाची खरी मालकी मजुरांकडे कितपत आली, याचा शोध ठाणे जिल्ह्याच्या संदर्भात घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी : कूप, ठेकेदार आणि खावटी

१८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलातील लाकडावर शासनाची मालकी प्रस्थापित झाली. आदिवासींचे परंपरागत हक्क ‘सवलती’ ठरले. १८६४ मध्ये गुजरातकडील लोहमार्ग मुंबईपर्यंत पोहोचल्यावर उत्तर ठाणे भागातील जंगलमाल शहराच्या आवाक्यात आला. शहरातील घरोघरच्या चुली व शेगड्या लाकडा-कोळशाच्या वखारींवर अवलंबून होत्या.

त्या वर्षी तोडीसाठी आखून दिलेल्या वनखंडास कूप म्हणतात. कुपाचा लिलाव होई व तो ठेकेदार घेई. पावसाळा संपला की वारली, कातकरी, कोकणा कुटुंबे कुपात उतरत. इमारती लाकूड वेगळे काढून जळाऊ लाकडाच्या थप्प्या रचल्या जात. फांद्या व वाकडेतिकडे लाकूड कोळशाच्या भट्टीत जाई. भट्टी रचून ती पाला व मातीने लिंपली जाई आणि आत मंद आच कित्येक दिवस धुमसत ठेवावी लागे. लेपाला भेग पडून हवा आत शिरली तर कोळशाची राख होते. म्हणून रात्रंदिवस राखण करणे भाग असे. हे कौशल्य सर्वस्वी मजुरांचे होते. दर, मोजणी व हिशेब मात्र ठेकेदाराच्या वहीत राहत.

पावसाळ्यात धान्य संपले की खावटी घ्यावी लागे व ती पुढील हंगामातील श्रमांतून फेडावी लागे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी सावकाराकडे राबणाऱ्यास ‘लग्नगडी’ म्हणत. आदिवासींच्या या अवस्थेची शासकीय नोंद सिमिंग्टन यांच्या १९३८ च्या अहवालात सापडते. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलच्या टंचाईमुळे कोळशाच्या वायूवर मोटारी चालू लागल्या आणि कोळशाला नवा ग्राहक मिळाला.

संस्थांची स्थापना

१९४५ पासून उंबरगाव व डहाणू भागात गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा लढा उभा राहिला. १९४६ च्या अखेरीस झालेल्या जंगलकामाच्या संपात रोज सव्वा रुपया किमान मजुरीची मागणी होती व ती ठेकेदारांना मान्य करावी लागली. या काळात बाळासाहेब खेर मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. १९४० मध्ये आदिवासी सेवा मंडळाची स्थापना करणाऱ्या खेरांना या प्रदेशाचा परिचय होता. ठेकेदारास क्रमाक्रमाने दूर करून मजुरांच्या संस्थांना लिलावाविना कूप देण्याचे धोरण त्यांच्या शासनाने स्वीकारले. या धोरणामागे सेवाभाव होता, तसाच लढ्याचा रेटाही होता. यांपैकी केवळ एकच कारण मानणे इतिहासास धरून होणार नाही.

या संस्थांमुळे ठरलेल्या दराने मजुरी मिळू लागली. नफ्याचा काही भाग कल्याणकार्यासाठी राखून ठेवण्याची प्रथा पडली. कुपावरील मारहाण व वेठ यांना आळा बसला. ही उपलब्धी लहान नाही.

मर्यादा : सभासद की मजूर?

साखर कारखान्याचा सभासद स्वतःच्या उसाचा मालक होता. जंगल संस्थेचा सभासद केवळ स्वतःच्या श्रमांचा मालक होता. संस्थेच्या नावातील ‘कामगार’ हा शब्द या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. कोणता कूप, किती तोड व कोणत्या वर्षी, हे वनखाते ठरवी. मजुरी व वाहतुकीचा खर्च माल विकला जाण्यापूर्वीच करावा लागे. त्यासाठी लागणारे भांडवल सभासदांकडे नव्हते. हिशेबासाठी लिहिता-वाचता येणारा माणूस बाहेरून येई. प्रवर्तक संस्थांचे कार्यकर्ते पालकाच्या भूमिकेत राहिले आणि काही ठिकाणी जुना ठेकेदारच पडद्याआडून पैसा पुरवू लागला. पुढे निव्वळ उत्पन्नात शासन व संस्था यांचा हिस्सा ठरविण्याची पद्धत आली. तिच्यामुळे तोट्याची जोखीम कमी झाली, परंतु विक्रीच्या निर्णयात सभासदाचा शिरकाव झाला नाही.

कालांतराने रॉकेल व गॅसमुळे शहरातील वखारी ओस पडल्या. १९७४ मध्ये वनविकास महामंडळ स्थापन झाले, १९८० मध्ये वनसंवर्धन कायदा आला. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने ठेकेदाराऐवजी आदिवासी व कामगार सहकारी संस्थांचा पुरस्कार केला. तथापि १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मंजूर कार्य आयोजनेखेरीज वृक्षतोड अशक्य झाली. कूपच नसेल तर केवळ कूपतोडीवर उभ्या असलेल्या संस्थेने करावयाचे काय, या प्रश्नाचे उत्तर तिच्या रचनेत नव्हते.

निष्कर्ष

२००६ च्या वनहक्क कायद्याने हा प्रश्न वेगळ्या पायावर मांडला. त्याने सामूहिक वनसंपत्तीच्या संरक्षणाचा व व्यवस्थापनाचा हक्क ग्रामसभेला दिला. गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबूबरोबर झुडपांचे लाकूड व खुंट यांचाही समावेश आहे. म्हणजे सरपणाचा एक भाग कायद्यानेच गावाच्या मालकीचा ठरतो. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावास २००९ मध्ये हा हक्क व २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. जंगल कामगार संस्थांना जे मिळाले नव्हते, ते येथे ग्रामसभेच्या हाती आले.

तथापि ठाणे जिल्ह्याचा अनुभव सावध करतो. हक्काचा कागद म्हणजे व्यवसाय नव्हे. हंगामापूर्वीचे भांडवल, मोजणीचे माप आणि हिशेबाची वही या तीन गोष्टी गावाबाहेर राहिल्या, तर मालकीही हळूहळू गावाबाहेर जाते. भट्टीची राखण ज्यांनी पिढ्यानपिढ्या केली, त्यांच्या मुलामुलींनी ती वही लिहावी, यासाठी आपल्या ग्रामीण महाविद्यालयांतील वाणिज्य व अर्थशास्त्र विभागांना करता येण्याजोगे पुष्कळ आहे. सहकाराच्या इतिहासातील या उपेक्षित प्रकरणाच्या अभ्यासाचे प्रयोजन हेच आहे.